चिंचडोहचे सोळा खड्डे

रस्त्याच्या खात्यानं मला फसवलं आणि मी यमुनाबाईला फसवलं. खात्यानं मला फसवलं हे कळायला मला सहा महिने लागले. यमुनाबाईला मात्र मी उघड्या डोळ्यांनी फसवलं.

मी मातीकामाचा ठेकेदार. दोन वर्षांपूर्वी धंदा थांबवला. धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं. गमती पुष्कळ आहेत, त्यातली एक सांगतोही. पण लिहायला बसलं की मला चिंचडोहच दिसतं आणि गंमत एका बाजूला राहते.

आधी धंदा समजावून सांगतो. रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असतो, म्हणून पावसात बुडत नाही. ती उंची शेजारच्या जमिनीतून येते. जेवढा रस्ता उंच, तेवढी माती कुठून तरी खणलेली असते. रस्त्यानं जाणाऱ्याला भराव दिसतो, खड्डा दिसत नाही. माझं अर्धं आयुष्य भरावावर गेलं आणि अर्धं खड्ड्यात. चौदाव्या वर्षी डोक्यावर टोपलं घेतलं, विसाव्या वर्षी मुकादम झालो, तिशीच्या आत स्वतःच्या नावानं ठेका घेतला. बाप नव्हता, आई त्याच्याही आधी गेलेली. शिकवलं कोणी नाही. भाव करायला शिकलो ते टोपल्याला किती मिळणार, यावर रोज भांडून.

या कामात भराव मोजत नाहीत, कारण भराव दबतो. खड्डा मोजतात. जमीन मुळात किती उंच होती हे कळावं म्हणून खणताना मधे मधे मातीचा एकेक खुंट तसाच सोडायचा, डोक्यावरच्या गवतासकट. त्याला आम्ही साक्षीदार म्हणत असू. ओव्हरसियर येतो, साक्षीदाराच्या डोक्यापासून खड्ड्याच्या तळापर्यंत टेप सोडतो आणि वहीत माप लिहितो. मोजणी होईपर्यंत साक्षीदाराला हात लावायचा नाही, हा नियम.

आता माणूस आहे तिथं लबाडीही आहे. साक्षीदाराच्या डोक्यावर वीतभर माती चढवायची, वर मुळांसकट गवत बसवायचं, दोन दिवस पाणी घालायचं. खड्डा आपोआप वीतभर खोल होतो. ओव्हरसियर लोकांनी हे ओळखलं आणि ते गवत उपटून पाहायला लागले. मग मी तरुणपणी एक युक्ती केली. साक्षीदारावर लाल मुंग्यांचं घर आणून बसवलं, मुंग्यांसकट. एवढ्या जुन्या मुंग्या म्हणजे माती जुनीच असणार. तेव्हाचा ओव्हरसियर हुशार होता, त्यानं तरीही हात घातला. कोपरापर्यंत चावे घेतले मुंग्यांनी. माझी चोरी पकडली गेली, पण मजूर आठ दिवस हसत होते. तो माणूस पुढे शिकत, परीक्षा देत मोठा साहेब झाला. त्याचं नाव मी लिहीत नाही. साहेबच म्हणतो.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मौद्याच्या अलीकडे कन्हान नदीच्या बाजूला चिंचडोह गावाचा रस्ता निघाला. पावसाळ्यात गावाचा संबंध तुटायचा. अडलेली बाळंतीण बैलगाडीत चिखलात अडकून राहायची. गावानं कितीतरी वर्षं अर्ज केले होते. रस्ता मंजूर झाला तो नेमक्या याच साहेबांच्या हाताखाली, आणि ठेका मी मागितला.

आराखड्यात माती दोन मैलांवरच्या टेकाडावरून आणायची होती. मी साहेबांना म्हटलं, गावाला लागूनच पडीत जमीन आहे, तिथून खणू द्या, लांबची वाहतूक वाचेल आणि मी तुमच्या आराखड्यापेक्षा कमीत काम करून देईन. साहेब खूश झाले. मग एकेका कलमावर घासाघीस सुरू झाली. शेवटी एक ओळ आली: खणलेले खड्डे चराने एकमेकांस जोडून पाणी नाल्यात उतरवणे.

साहेबांनी कारकुनाला विचारलं, "हे कोणी घातलं?"

"आरोग्यवाल्यांचं पत्रक आलं होतं जी. खड्ड्यात पाणी साचते, डास होतात म्हणून."

"डास मारणं आपल्या खात्याचं काम आहे का?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय ठेकेदार?"

"नाही जी," मी म्हटलं. "आपलं काम रस्ता. डासाले रस्ता कशाले पाहिजे, तो उडत येते."

सगळे हसले. साहेबांनी ती ओळ खोडली आणि त्या बदल्यात मला पडीत जमिनीची परवानगी दिली. मी खाली येऊन चहा प्यालो. साहेबाला आपण खेळवलं, असं त्या दिवशी मला वाटत होतं.

ती पडीत जमीन यमुनाबाईची होती. साठीच्या आसपासची विधवा, एक मुलगा नागपूरला गिरणीत, घरी दोन म्हशी. मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती शेण थापत होती. तिनं हात धुतले नाहीत आणि मला बसही म्हटलं नाही.

"मावशी, नाल्याकडची तुही पडीत जमीन काही कामाची नाही," मी सुरुवात केली.

"कामाची नाही तं तू काहून आला गा?"

तिथंच मला कळलं की हा सौदा सोपा नाही. मी बड्या बड्या साहेबांशी भाव केला आहे, सावकारांशी केला आहे, लोखंडाच्या दलालांशी केला आहे. यमुनाबाईसारखं कोणी भेटलं नाही. तिची एक रीत होती. बोलणं ऐन रंगात आलं की ती उठायची आणि म्हशीकडे निघून जायची. मग मला गोठ्यात जाऊन तिच्या पाठीशी बोलावं लागायचं. पाठीशी भाव करता येत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहिल्याशिवाय कुठं थांबायचं ते कळत नाही.

चार दिवस मी जात राहिलो. तिसऱ्या दिवशी तिनं ताक दिलं. चौथ्या दिवशी अटी सांगितल्या.

"पैशे नको मले. पैशे पोरगा घेऊन जाते. तुह्या मजुरायले दूध माह्या घरचंच लागन. वरची काळी माती माह्या दुसऱ्या वावरात टाकून देजो. आन मिरगाच्या आधी खड्ड्यातून नाल्यापर्यंत चर काढून देजो. पाणी थांबलं नाही पायजे."

"चर कशाले मावशी? म्हशी बसतील न पाण्यात."

"पाणी थांबलं का ताप येते. माहा मालक त्याच थंडीतापानं गेला. तवा फवारेवाले नव्हते."

मी मान हलवली. ती म्हणाली, "मुंडकं नको हालवू. माती उचल आन बोल."

मी तिच्या वावरातलं ढेकूळ उचललं आणि बोललो, मिरग लागायच्या आधी चर काढून देतो. तिनं माझ्या हातातलं ढेकूळ घेतलं, जागच्या जागी ठेवलं आणि म्हशीकडे गेली. आठवड्याभरापूर्वी जी ओळ मी हसत हसत खोडायला लावली, तीच आता स्वतःच्या तोंडानं कबूल करून आलो होतो. पण मला त्याचं काही वाटलं नाही. बारा माणसांचं दोन दिवसांचं काम. आपल्या खिशातून करून टाकू.

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला चांगला उन्हाळा होता. असं मी कोणाजवळ बोललो नाही, कारण त्या उन्हाळ्याचं पुढे काय झालं हे लोकांना माहीत आहे. पहाटे चारला काम सुरू व्हायचं आणि दहाला थांबायचं. नागपूरकडचं ऊन ज्यानं खाल्लं आहे त्याला हे सांगायला नको. मग संध्याकाळी पुन्हा. कुदळींचा आवाज सगळीकडून एका लयीत यायचा. बायका टोपली घेऊन ओळीनं चढायच्या, रिकामी होऊन उतरायच्या. रस्ता रोज दहा-वीस हात पुढे सरकायचा. काम आटपल्यावर मी यमुनाबाईच्या अंगणात जाऊन बसायचो. दुधाच्या भावावरून आमचं रोज भांडण.

"आज पाणी जास्त होतं मावशी दुधात."

"तुह्या मजुरायचे पोट पाहून घातलं. निवळ दूध पचत नाही त्यायले."

मग झुणका, ज्वारीची भाकर, वर कच्च्या तेलाची धार. ती कधी जेव म्हणाली नाही. ताटली पुढे सरकवायची आणि भांडण चालू ठेवायची. मला घरी कोणी तसं वाढलेलं आठवत नव्हतं. आजही माझ्या घरी सुना चांगल्या आहेत, ताट भरून देतात, आग्रह करतात. मला आग्रह नको असतो. मला कोणी तरी ताटली सरकवून शिवी द्यावी असं वाटतं. हे घरात सांगता येत नाही.

त्याच अंगणात मेश्राम भेटला. मलेरियाचा माणूस. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली आणि घरात तो पहिलाच सरकारी नोकर. पांढरा शर्ट, सायकल, मागे पत्र्याची पेटी. दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचा, ताप आहे का विचारायचा, असला तर बोटाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायचा आणि दाराजवळच्या भिंतीवर गेरूनं तारीख लिहायचा. वरचा साहेब आला तर भिंत पाहूनच कळावं, हा माणूस आला होता की नाही. माझे साक्षीदार मातीचे, त्याचे भिंतीवरचे. पण त्याच्या भिंतीवर मी कधी खोटी तारीख पाहिली नाही.

आम्ही एकूण सोळा खड्डे खणत होतो, त्यातल्या एकात एप्रिलात झिरा लागला. ढोपरभर पाणी, काचेसारखं. मी मेश्रामला म्हटलं, बघा कसं पाणी लागलं. त्यानं पेटीतून पांढरा पळा काढला, काठावर बसला आणि अलगद पाणी उचललं.

"हे पाहा जी."

पळ्यात केसाच्या तुकड्याएवढं काहीतरी हलत होतं.

"गटारातल्या डासाची अळी डोकं खाली करून लटकते," तो म्हणाला. "ही आडवी पडून राहते, पाण्याच्या बराबर. ही मलेरियाची."

"पण डास तं घाणीत होते न?"

"हा साफ पाण्यातला आहे जी. तुमच्या खड्ड्यासारखं साफ पाणी याले कुठं भेटन? सोळा खड्डे भरले तं गावाले लागून सोळा कारखाने."

मला राग आला. राग मला पटकन येतो. मी म्हटलं, "मग तुमच्या खात्यानं लिहावं न आमच्या खात्याले. मी ठेकेदार आहे, मले काहून सांगता?"

मेश्राम पळा धूत होता. "लिहिलं न जी. दोन्ही ऑफिसं एकाच आवारात आहेत, मधात एक कडुनिंब आहे. माह्या साहेबाचं पत्र त्या झाडाखालून पलीकडे जायले तीन महिने लागले. आन तिकडून उत्तर आलं का ही बाब या खात्याशी संबंधित नाही." मग तो हसला. "म्हणून तुमाले सांगून राहिलो. तुमी तं अठीच बसले आहात."

मी त्याला सांगितलं की चर मी काढणार आहे, शब्द दिला आहे. तो म्हणाला, "मग झालं." आणि सायकलवर बसून गेला.

मेच्या शेवटी रस्ता तयार झाला. मोजणी व्हायची होती. ओव्हरसियर टेप घेऊन आला, दोन दिवस मोजलं, वहीत लिहिलं. मी म्हटलं, आता चर पाडतो. तो म्हणाला, थांबा, साहेब स्वतः तपासणार आहेत. तुमच्या खड्ड्यांची तपासणी साहेब दुसऱ्या कोणावर सोपवत नाहीत.

मी ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, येतो. चार दिवसांनी पुन्हा गेलो. मंत्र्यांचा दौरा होता. पुन्हा गेलो.

"साहेब, मिरग तोंडावर आला. मले खड्ड्यातून चर काढायचा आहे."

"साक्षीदार पडले तर मी काय मोजू?"

"साक्षीदार वाचवून काढतो."

"तुमचे साक्षीदार मला माहीत आहेत," असं म्हणून त्यांनी शर्टाची बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात टेबलावर ठेवला. पंधरा वर्षं झाली होती त्या मुंग्यांना.

तिथं मी शांत राहायला पाहिजे होतं. भाव करणाऱ्या माणसानं काय करावं हे मला माहीत होतं. हसावं, आपल्या चोरीची कबुली द्यावी, दिवस मागून घ्यावा. त्याऐवजी मी त्यांच्या टेबलावरची फाइल उचलून फेकली. कागद पंख्याखाली खोलीभर उडाले. मी म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिपायानं मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारा माणसं घेऊन खड्ड्यांवर गेलो. नाल्यापर्यंत चुन्याची रेघ मारली. कुदळी खांद्यावर होत्या. एवढ्यात ओव्हरसियर सायकल मारत आला. हातात कागद. मोजणी तपासण्याआधी खड्ड्यांत फेरबदल केल्यास काम मान्य होणार नाही आणि पुढे ठेका मिळणार नाही. खाली सही.

यमुनाबाई बांधावर उभी होती. तिनं पाहिलं की माणसं उभी आहेत, कुदळी उभ्या आहेत, मी कागद वाचतो आहे. मी माणसांना म्हटलं, बसा. माणसं बसली. थोड्या वेळानं म्हटलं, चला. माणसं उठून गेली.

यमुनाबाई खाली उतरून आली. "काहून थांबले गा?"

"मोजणी व्हायची आहे मावशी. दोन-चार दिवसांची गोष्ट आहे."

"तुहे दोन-चार दिवस आन मिरगाचे दोन-चार दिवस सारखेच आहेत का?"

ती वाट पाहत उभी राहिली. ती एकदाच माझ्यासमोर उभी राहून बोलली, म्हशीकडे गेली नाही. मीच निघून गेलो.

ती सकाळ मी पुष्कळदा परत जगलो आहे. दरवेळी मी कागद फाडतो, कुदळ स्वतः घेतो, पहिला घाव घालतो. दोन दिवसांचं काम होतं. फार तर ठेका गेला असता. मी टोपल्यापासून सुरुवात केली होती, पुन्हा केली असती. पण चाळिशीतल्या माणसाला टोपलं पुन्हा डोक्यावर घ्यायची भीती वाटते, आणि त्या भीतीला मी व्यवहार म्हणत होतो.

पाऊस पडला, सोळाही खड्डे भरले. गाव खूश होतं. म्हशी बसायला लागल्या, बायका धुणी धुवायला लागल्या, पोरं पोहायला लागली. मला बरं वाटलं. मी यमुनाबाईला म्हटलं, "गावालेच पाणी पाहिजे होतं मावशी."

ती म्हणाली, "गावाले इचारून बोलला होता का मले?"

पोळ्यानंतर ताप सुरू झाला. मी तेव्हा दुसऱ्या कामावर होतो, पण माझा ट्रक गिट्टी घेऊन चिंचडोहच्या रस्त्यानं जायचा. ड्रायव्हर येऊन सांगायचा, आज अमक्याचं घर, आज तमक्याचं. मी एकदा गेलो. मेश्रामच्या तारखा पूर्वी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं असायच्या, त्या आता भिंतीवर एकीखाली एक दाटीवाटीनं लिहिलेल्या दिसल्या. त्याच्याकडच्या काचा संपल्या होत्या. वापरलेल्या काचा तो यमुनाबाईच्या अंगणात राखेनं घासत बसला होता. मी समोर उभा राहिलो तरी त्यानं मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, "मोजणी झाली का जी?"

यमुनाबाई आत पडली होती. तीन दिवस ताप, आणि त्या दिवशी सकाळपासून असंबद्ध बोलत होती. मेश्राम म्हणाला, गोळ्यांचं काम राहिलं नाही, नागपूरला न्या. आम्ही तिला माझ्या ट्रकमध्ये घातलं, खाली गवत, वर घोंगडी. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसलो. गावातून निघाल्यावर तिनं डोळे उघडले. थोडा वेळ आभाळाकडे पाहत होती. मग तिला मी ओळखू आलो.

"गचके नाही लागत गा," ती म्हणाली. "रस्ता बेस केला."

त्यानंतर ती बोलली नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मेंदूत चढलेला मलेरिया, डॉक्टर म्हणाले. आणखी दोन तास आधी आणलं असतं तर, असंही म्हणाले. तो रस्ता झाला नसता तर दवाखान्यापर्यंतही पोचली नसती, असं मला एक जण समजावून सांगत होता. मी त्याला मारायला उठलो होतो, लोकांनी धरलं.

तिचा मुलगा गिरणीतून आला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो माझ्या पाया पडला, ट्रक दिला म्हणून.

तिसऱ्या दिवशी मी बारा माणसं नेली आणि चर पाडला. दीड दिवस लागला. पाण्यात उभं राहून मी स्वतः कुदळ चालवली. साक्षीदार एकेक करून कोसळले. ओव्हरसियर तिथून सायकलवर गेला, त्यानं पाहिलं, थांबला नाही. सोळा खड्डे एका संध्याकाळी नाल्यात रिकामे झाले.

मी समजलो होतो की आता बिल बुडालं. दिवाळीनंतर ऑफिसातून निरोप आला, बिल तयार आहे, सही करून जा. मी कारकुनाला म्हटलं, "साक्षीदार तं पडले. तपासणी कशी झाली?"

तो नवा होता, भोळा. त्यानं मापाची वही उघडून दाखवली. ओव्हरसियरच्या मापांखाली साहेबांची तपासल्याची सही होती, मेमधली. साहेब चिंचडोहला कधी आलेच नव्हते. खुर्चीत बसून सही केली होती. निधी आला नव्हता, म्हणून माझं बिल पुढे ढकलायचं होतं, आणि ढकलायला कारण म्हणून मला तपासणी बाकी आहे असं सांगत राहिले. ज्या सकाळी मी बारा माणसं परत नेली त्या सकाळी खड्डे मोकळे होते. त्यांना कोणीही हात लावू शकत होतं.

मी सही केली. फाइल फेकली नाही. त्या दिवशी हात उचलला गेला नाही.

त्यानंतर मी बारा-तेरा वर्षं धंदा केला. प्रत्येक ठेक्यात मी साहेबांना सांगायचो, खड्ड्यांच्या चराची ओळ घाला, बदल्यात दुसऱ्या कलमात मी खाली येतो. यात याचा काय फायदा आहे, हे शोधण्यात एका साहेबानं महिना घालवला. फायदा सापडेना म्हणून त्यानं ती ओळ मंजूर केली नाही. तीन ठिकाणी मात्र घातली गेली. तलाव काढणारं खातं डासांचा विचार करत नाही, वीटभट्टीला परवाना देणारा धुराचा करत नाही, आणि आरोग्यवाल्यांकडे नंतर भिंतीवर तारीख लिहायचंच काम येतं. हे मी भाषण म्हणून सांगत नाही. मी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून हसलो आहे.

मेश्राम अजून नोकरीत आहे. कधी तरी घरी येतो, चहा घेतो. आम्ही चिंचडोहचं बोलत नाही. मी अजूनही मौद्याकडे गेलो की आत वळतो. रस्ता चांगला आहे, खचला नाही. तिचं घर मुलानं विकलं. गोठा पाडला आहे. मी रस्त्यावर उभा राहतो आणि मला वाटतं, कोणीतरी माझ्याकडे पाठ करून भाव सांगावा आणि मी हरावं. एवढ्या वर्षांत मला कोणी हरवलं नाही. धंदा सोडला तो कंबर दुखते म्हणून नाही. समोर भाव करायला कोणी उरलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी गिरणी कामगारांच्या वस्तीत तिच्या मुलाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. चर, ढेकूळ, कागद, बारा माणसं. तो ऐकत राहिला. मग उठून आत गेला आणि बाहेर आला नाही. मी तासभर बसलो आणि परत आलो. ते बरोबर होतं.

साहेब, तुम्ही निवृत्त झालात. सकाळी फिरायला जाताना मला नमस्कार करता, आणि हा अंक तुमच्या घरी येतो हे मला माहीत आहे. मुंग्यांची चोरी माझी होती, तिच्याबद्दल तुम्ही मला हवी ती शिक्षा द्यायची होती. ती गावाला का दिली? न गेलेल्या जागी गेलो, अशी सही केल्यावर खड्डे मोकळे आहेत एवढं एक वाक्य मला का सांगितलं नाही? आणि आरोग्यवाल्यांची ती ओळ खोडण्याआधी ती कोणी घातली हे तुम्ही विचारलंत, ती कशासाठी आहे हेही ऐकलंत, तरी खोडलीत. मी हसलो, ते माझं मी सांगून आलो आहे. यमुनाबाईच्या मुलाचा पत्ता माझ्याजवळ आहे. तुमचं उत्तर मला नको, त्याला द्या. कोणत्या दिवशी येता ते कळवा.